वल्हं मारता येतं, शिकवता येतं का?

मोर्शीहून सिंभोऱ्याकडे निघालं की थोड्याच वेळात अप्पर वर्धा धरणाची लांबलचक भिंत दिसायला लागते. पावसाळा जोरात असला की अमरावती, चांदूर बाजार, परतवाड्यापासून लोक गाड्या भरून येतात, तेरा दरवाज्यांतून कोसळणारं पाणी पाहतात, भाजलेलं कणीस खातात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत घरी पोचतात. मुलताईच्या बाजूला सातपुड्यात उगम पावणारी वर्धा इथं अडवली आहे. कागदोपत्री या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. अमरावती शहराला पिण्याचं पाणी इथूनच जातं. संत्र्याच्या पट्ट्यात एवढा मोठा पाणसाठा दारात असूनही आपल्याकडच्या माणसाचा त्याच्याशी संबंध दोनच प्रकारचा असतो. भोई-कहार कुटुंबं त्यावर पोट भरतात, आणि बाकीचे काठावर उभे राहून बघतात.

बघणारे अधूनमधून पाण्यात उतरतातही, आणि मग बातमी होते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या वरुड तालुक्यात झुंज इथं वर्धेच्या पात्रात नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. नात्यागोत्यातली माणसं होती. त्यानंतर काही दिवस ‘बंदी घाला’ अशी ओरड झाली. बंदीचा फलक लागतो, गंजतो, पडतो, आणि पाणी जिथल्या तिथं राहतं. माझं मत सरळ आहे. ज्या तालुक्यात एवढं पाणी आहे, तिथं पाण्यावर वावरायला शिकवणारी माणसं तयार व्हायला पाहिजेत. ती कशी तयार होतात, आणि कयाकच्या शर्यतीत पदक मिळवलेला पोरगा आपोआप असा शिकवणारा का होत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे सगळ्यालाच ‘बोटिंग’ म्हणायची पद्धत आहे. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा बसतो, वल्ही होडीला अडकवलेली असतात आणि बैठक मागंपुढं सरकते. कयाकमध्ये तोंड पुढच्या दिशेला, पाय लांब केलेले, आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एक मोकळं पॅडल. कॅनोच्या शर्यतीत खेळाडू एका गुडघ्यावर टेकून एकाच पात्याचं वल्हं एकाच बाजूनं मारतो आणि होडी तरीही सरळ ठेवतो. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादूच वाटते. शर्यतीची एकट्याची कयाक जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब असते आणि तिचं वजन कमीत कमी १२ किलो असावं लागतं. इतकी हलकी आणि इतकी अरुंद, की नवखा माणूस तिच्यात बसतो न बसतो तोच पाण्यात असतो. सपाट पाण्यावरच्या शर्यती २००, ५०० आणि १००० मीटरच्या. खळाळत्या पाण्यातल्या फाटकांमधून वाट काढायचा स्लालम हा वेगळा प्रकार.

या खेळाचा आणि अमरावतीचा एक योगायोग मला फार आवडतो. कॅनो-कयाक पदकाचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो १९३६ साली बर्लिनला. त्याच ऑलिंपिकच्या वेळी आपल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनमध्ये देशी खेळ आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं करून आला. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याची जगात ओळख झाली ती शिकवण्यामुळे. उन्हाळी वर्गांना गावोगावची पोरं यायची, व्यायाम शिकून जायची आणि आपल्या गावात दुसऱ्यांना शिकवायची. हुतात्मा राजगुरूही इथं शिकून गेले. म्हणजे करणाऱ्याला शिकवणारा बनवणं हे काम या जिल्ह्याला नवं नाही. फक्त ते आजवर मातीत झालं, पाण्यावर झालं नाही.

देशाचा हिशेब मांडायचा तर तो थोडक्यात आटोपतो. आशियाई स्पर्धेत कॅनोचं पहिलं पदक आलं १९९४ मध्ये हिरोशिमाला, जॉनी रोमेल आणि सिजी सदानंदन यांच्या जोडीकडून, १००० मीटरचं कांस्य. त्यानंतरचं पदक यायला २०२३ उजाडावं लागलं. हांगझोऊला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी त्याच प्रकारात पुन्हा कांस्य मिळवलं. मधल्या तीस-एक वर्षांत देशातली तळी आटली नव्हती. सुनील मणिपुरातल्या लोकटाक सरोवराच्या काठचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. लहानपणापासून पाण्यावर वावरणारं पोरगं शास्त्रशुद्ध प्रशिक्षणापर्यंत पोचलं, की काय होतं, ते त्यानं दाखवून दिलं. पॅरा-कॅनोमध्ये ग्वाल्हेरच्या प्राची यादवनं भोपाळच्या छोट्या तलावावर सराव करून टोकियो पॅरालिंपिकची अंतिम फेरी गाठली आणि हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण आणलं. आणि हे भोपाळ मोर्शीकराला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. सातपुडा ओलांडला, मुलताई-बैतूल मागं टाकलं, की निम्मी वाट सरली.

खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंतचा प्रवास ज्यांच्याकडे बघून समजतो, त्यांत श्रीनगरच्या बिलकिस मीर यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. दल सरोवरावर कॅनो शिकलेली मुलगी २००९ मध्ये हंगेरीतल्या जागतिक चषकात उतरली. पुढं तिनं बुडापेस्टला जाऊन प्रशिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम केला, भारताच्या महिला संघाची प्रशिक्षक झाली, हांगझोऊला पंच म्हणून बसली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्युरीत बसणारी पहिली भारतीय महिला ठरली. तिनं हंगेरीच का निवडलं, हे वेगळं सांगायला नको. कयाकिंगमध्ये हंगेरीचं नाव कुस्तीतल्या कोल्हापूरसारखं आहे. रोइंगमधलं उदाहरण महाराष्ट्रातच घडलेलं आहे. २०१० मध्ये ग्वांगझोऊला देशाला रोइंगचं पहिलं आशियाई सुवर्ण मिळवून देणारे बजरंगलाल ताखर पुढं प्रशिक्षक झाले, आणि पॅरिसला एकेरीत उतरलेला बलराज पन्वर पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये त्यांच्याच हाताखाली घडला.

ही नावं मोठी आहेत, पण ती वाचून एक गैरसमज होऊ शकतो. चांगला खेळाडू निवृत्त झाला की चांगला कोच होतो, असा. प्रत्यक्षात गाडी इथंच अडते.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये शारीरिक कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात माणूस प्रत्येक हालचाल विचार करून करतो. दुसऱ्यात चुका कमी होतात, हालचाली एकमेकींना जोडल्या जातात. तिसऱ्यात सगळं अंगवळणी पडतं आणि विचार सुटतो. शर्यतीचा खेळाडू वर्षानुवर्षं या तिसऱ्या टप्प्यात राहतो. त्याला विचारा, ‘बावा, तू पॅडल पाण्यात कसं टाकतोस?’ तो क्षणभर थांबेल, हात हवेत फिरवेल आणि म्हणेल, ‘असं टाकतो ना.’ तो काही लपवत नसतो. २००१ मध्ये शिअन बायलॉक आणि थॉमस कार यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केला. चेंडू कसा मारतात हे एकूण समजावून सांगायला लावलं, तर मुरलेले खेळाडू नवख्यांपेक्षा जास्त बोलले. पण आत्ताच मारलेला तो एक फटका कसा मारला, असं विचारल्यावर त्यांना नवख्यांपेक्षा कमी आठवलं. हात काम करत होता, डोकं तिथं हजर नव्हतं. खेळाडू म्हणून हीच त्यांची ताकद, आणि शिकवायला उभं राहिलं की हाच अडसर.

कयाकचा एक साधा पुढं जायचा स्ट्रोक घ्या. बघणाऱ्याला वाटतं, हातांचा खेळ आहे. खरं काम पाठ, कंबर आणि पाय करतात. उजवीकडे स्ट्रोक मारताना उजवा खांदा पुढं जातो, पातं पायाच्या बोटांच्या रेषेत, होडीला लागून पाण्यात उतरतं. पातं पूर्ण बुडाल्यावरच जोर लागतो. त्याच वेळी उजवा पाय पुढच्या फळीवर दाबला जातो आणि धड उजवीकडे वळत जातं. पातं कमरेशी पोचलं की बाहेर. तिथून पुढं ओढलेला प्रत्येक इंच पाणी वर उचलतो आणि होडीला लगाम लावतो. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये विंग पॅडल निघालं, विमानाच्या पंखासारखं वळलेलं. ते आल्यापासून पातं सरळ मागं न येता होडीपासून किंचित बाहेर सरकत जातं. अव्वल खेळाडू हे सगळं मिनिटाला शंभरावर वेळा करतो. नवखा मात्र काय करतो? दंड आखडून ओढतो, पातं अर्धंच बुडवतो, पाय मोकळे सोडतो आणि दहा मिनिटांत खांदे धरून बसतो.

आता शिकाऊ कोच काठावरून ओरडतो, ‘कमरेतून वळ!’ पोरगं मान वळवतं. ‘हात सरळ!’ म्हटलं की हात काठीसारखे ताठ होतात आणि होडी डुगडुगते. इथं गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेचं काम उपयोगी पडतं. विंडसर्फिंगमधलं एक अवघड वळण ती शिकत होती. पाय कुठं, हात कुठं, भार कुठं, यावर लक्ष दिलं की ती पाण्यात पडायची. पायांऐवजी फळी किती कलते आहे यावर लक्ष दिलं आणि वळण जमायला लागलं. पुढं १९९८ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या यंत्रावर प्रयोग करून हेच दाखवलं. अंगाकडे लक्ष देण्यापेक्षा त्या हालचालीच्या बाहेर दिसणाऱ्या परिणामाकडे लक्ष दिलं, तर माणूस लवकर शिकतो. नंतर अनेक खेळांत याची पडताळणी झाली आहे.

म्हणून जाणता कोच ‘कमरेतून वळ’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘लाइफ जॅकेटची चेन एकदा त्या बाभळीला दाखव, एकदा या काठाला.’ चेन वळवायची तर छाती वळावीच लागते, आणि कंबर तिच्यामागं आपोआप येते. ‘पाणी मागं ढकलू नको. पॅडल पाण्यात रोवलं आहे असं समज आणि होडी तिथपर्यंत ओढून ने.’ या एका वाक्यानं अर्ध्या पोरांचा स्ट्रोक सुधारतो. अशी वाक्यं पुस्तकात सापडतात, पण कोणतं वाक्य कोणत्या पोरासाठी, हे पुस्तकात नसतं. ते सोबत शिकणाऱ्या इतर प्रशिक्षकांवर पाठ घेऊनच कळतं.

प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा भाग हाच. आपल्याकडे बी.एड., बी.पी.एड. केलेल्या प्रत्येकाला सूक्ष्मपाठ आठवत असेल. वर्गातलेच मित्र विद्यार्थी होऊन बसतात, एक जण सहा मिनिटं एकच कौशल्य शिकवतो, बाकीचे त्याच्या चुका सांगतात, तो पाठ सुधारतो आणि पुन्हा शिकवतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत काढली. एनसीईआरटीनं तिचं ३६ मिनिटांचं भारतीय चक्र बांधून दिलं, त्यात पाठ सुधारायला १२ मिनिटं आणि बाकी प्रत्येक पायरीला ६. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते ‘पाठ उरकणं’ म्हणून होतं, ही गोष्ट वेगळी. पाण्यावर मात्र ते उरकता येत नाही, कारण पाठ चुकला तर विद्यार्थी ओला होतो.

जगभर वल्ह्याच्या खेळांचे प्रशिक्षक घडवण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्या याच तत्त्वावर चालतात. १८८० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॅनो असोसिएशनची पद्धत बघा. आधी प्रशिक्षक-विकास कार्यशाळा, मग प्रमाणपत्र परीक्षा. कार्यशाळेत प्रत्येक उमेदवाराला विषय वाटून दिलेला असतो, काही काठावर शिकवायचे, काही पाण्यात. बाकीचे उमेदवार त्याचे विद्यार्थी. परीक्षेत स्वतःचा स्ट्रोक दाखवण्याजोगा स्वच्छ आहे का, समोरच्याची चूक कळते का, गट नजरेच्या टप्प्यात ठेवता येतो का आणि बुडत्याला वाचवता येतं का, हे सगळं तपासतात. निकालात पास-नापास याखेरीज एक तिसरा पर्यायही असतो. अजून तयारी करा आणि उरलेलं पुन्हा दाखवा. आपल्याकडच्या परीक्षांमध्ये हा तिसरा पर्याय आला तर किती घरांतली रडारड वाचेल!

अशा गटात शर्यतीचा खेळाडू येतो तेव्हा सुरुवातीचे काही तास त्याचेच असतात. त्याच्यासारखी होडी कोणाला पळवता येत नाही. मग बचावाचा पाठ येतो. समजा, एका सोबत्यानं मुद्दाम होडी उलटवली. कॉकपिटवर पाणी रोखणारं रबरी झाकण ताणून बसवलेलं, पोरगं उलटं लटकलेलं, डोकं पाण्याखाली. त्यानं पुढं वाकायचं, होडीच्या बुडावर थापा मारायच्या, झाकणाची पट्टी पुढं ओढून सोडवायची, मांड्या मोकळ्या करायच्या आणि बाहेर यायचं. आता वाचवणारा उलटलेल्या होडीच्या नाकाशी आपली होडी आडवी लावतो. दोन्ही मिळून इंग्रजी टी अक्षराचा आकार होतो, म्हणून याला टी-रेस्क्यू म्हणतात. उलटीच होडी नाकाकडून आपल्या होडीवर ओढायची म्हणजे आतलं पाणी गळून जातं, मग सरळ करायची, दोन्ही होड्या शेजारी घट्ट धरायच्या आणि पाण्यातल्या माणसाला मागच्या बाजूनं चढू द्यायचं. सगळा वेळ त्याच्याशी बोलत राहायचं, कारण घाबरलेला माणूस हातात येईल ते ओढतो. इथं शर्यतवाला गोंधळतो. शर्यतीत उलटलं तर सुरक्षा बोट येते, त्याला कधी कोणाला ओढून काढायची वेळच आलेली नसते. त्याच वेळी कुठल्याशा खाडीत पर्यटकांना फिरवणारा, शर्यत कधी न पाहिलेला पोरगा हा बचाव दीड मिनिटात करून मोकळा होतो. त्यांच्यात मग देवाणघेवाण सुरू होते. एकाकडे स्ट्रोक, दुसऱ्याकडे माणसं सांभाळायची सवय, तिसरी शाळेत पी.टी. शिकवणारी, तिच्याकडे तीस पोरांना एका शिट्टीत गप्प करायची कला.

शर्यतवाल्याला आणखी एक गोष्ट सोडावी लागते, ती म्हणजे घाई. त्याच्या पद्धतीनं शिकवायचं तर पहिल्याच दिवशी अरुंद शर्यतीची होडी आणि घड्याळ. पण पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा पन्नाशीतल्या काकूंना पहिल्या दिवशी रुंद, बुडाला सपाट होडी लागते, कमरेइतकं पाणी लागतं आणि मुद्दाम उलटून बाहेर येण्याचा सराव लागतो. भीती गेली की स्ट्रोक शिकवता येतो, आधी नाही. अभ्यासक्रमांमध्ये ‘कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून, कोणी करून’ अशी शिकणाऱ्यांची विभागणीही सांगतात. ती मी फारशी मनावर घेत नाही. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा तसा भेद करून शिकवल्यानं फायदा होतो याला नीट पुरावा मिळाला नव्हता. सगळ्यांनाच थोडं दाखवावं, थोडं सांगावं आणि भरपूर करू द्यावं, हे बरं.

आता आपल्या भागातल्या तरुणानं जायचं कुठल्या वाटेनं? सरकारी वाट पतियाळाकडे जाते. ७ मे १९६१ रोजी सुरू झालेली नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, बोलीभाषेत ‘एनआयएस’. तिची वर्षभराची पदविका असलेला कोच म्हणजे क्रीडाखात्याच्या भाषेत खरा कोच. त्यात शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र, सरावाचं नियोजन हे सगळं येतं, आणि सोबत्यांवर घ्यायचे प्रशिक्षण-पाठही येतात. प्रवेशाला पदवी आणि खेळातली कामगिरी लागते. ज्यांना वर्ष देता येत नाही, त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र वर्ग असतात. शाळा-कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकांना ते सोयीचे. आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाचे टप्प्याटप्प्याचे कोचिंग अभ्यासक्रमही आहेत आणि ते राष्ट्रीय संघटनेमार्फत करता येतात. पर्यटनाच्या बाजूनं यायचं असेल तर गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षक आणि पॉवरबोट चालवण्याचे अभ्यासक्रम घेते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानं साहसी पर्यटन धोरण आणलं. पैसे घेऊन असे उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी करावी लागते आणि प्रशिक्षित माणसं ठेवावी लागतात. धरणाकाठी उद्या बोटिंग सुरू झालं तर या नियमाखालीच येईल, म्हणजे प्रमाणपत्राला इथं भाकरीही आहे.

एक कडू गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. आपल्याकडे खेळाडूला सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे कितीतरी पोरांचा खेळ राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र, त्याची पडताळणी आणि नेमणुकीचं पत्र या तीन कागदांत संपतो. नोकरी लागली की वल्हं माळ्यावर. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, घर चालवायचं असतं. पण त्यानं दहा वर्षं पाण्यावर जे कमावलं, ते त्याच्याबरोबर कार्यालयात जाऊन बसतं आणि गावातल्या पोराला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. रविवारच्या रविवार शिकवण्यापुरतं एक प्रशिक्षक प्रमाणपत्र त्यानं काढलं असतं, तर वरिष्ठांनी अडवलं असतं असं मला तरी वाटत नाही.

अप्पर वर्ध्यावर कोणी खरंच शिकवायला उभा राहिला, तर त्याला पुस्तकात न लिहिलेल्या काही गोष्टी शिकाव्या लागतील, आणि त्या शिकवणारे गुरू जलाशयावरच आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसकडे जातो, म्हणून वर्ग पहाटेच लागला पाहिजे. पाण्यावर आहोत म्हणून ऊन लागत नाही, हा भ्रम आहे, पाण्यावरून परतणारं ऊनही अंगावर येतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. दुपारनंतर वारा उठला की उघड्या पाण्यावर लाटा होतात आणि परतीची वाट लांबते. वळवाचं वादळ तर दहा मिनिटांत येतं. पावसाळ्यात दरवाज्यांच्या बाजूला फिरकायचंच नाही, वरूनही आणि खालूनही. राहता राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जलाशय भरलेला, हवा थंड, पाणी शांत. या दिवसांत स्थलांतरित पक्षीही उतरलेले असतात. त्यांच्या थव्यांपासून होडी लांब ठेवायची. आणि मच्छीमारांची जाळी कुठं लागली आहेत, हे रोज त्यांनाच विचारून घ्यायचं. जाळ्यात पॅडल अडकलं तर होडी उलटते आणि त्या माणसाची रोजीही बुडते. जलसंपदा विभागाची परवानगी हा कागदाचा भाग झाला. ‘दादा, आज कोणीकडून वारा हाये?’ हा प्रश्न डोंग्यातल्या माणसाला विचारणं हा खरा पहिला पाठ. मी तर म्हणेन, प्रशिक्षकांचा पहिला गट बांधायचा तर त्यात दोन जण भोई समाजातलेच असले पाहिजेत. पाणी वाचायला त्यांच्याइतकं कोणाला येत नाही, आणि प्रमाणपत्र मिळालं तर मासेमारीच्या जोडीला त्यांना दुसरं उत्पन्नही होईल.

प्रमाणपत्र एकदा काढलं आणि फ्रेम करून भिंतीला लावलं, असंही चालत नाही. अमेरिकन असोसिएशनचं प्रमाणपत्र चार वर्षं टिकतं. तेवढ्या काळात निदान दोन वर्ग शिकवल्याची नोंद, प्रथमोपचार आणि सीपीआरचं ताजं प्रशिक्षण, आणि अनुभवी प्रशिक्षकासमोर पुन्हा एकदा उजळणी, एवढं दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर प्रमाणपत्र जातं. शर्यतीतलं पदक कोणी परत मागत नाही, शिकवण्याचा अधिकार मात्र वापरला नाही तर काढून घेतात. मला हे न्यायाचं वाटतं.

मोर्शी-वरुडच्या क्रीडाशिक्षकांना आणि हनुमान आखाड्यातून बी.पी.एड. होऊन निघालेल्या पोरांना एवढंच सांगणं आहे, की पोहायला येत असेल तर पुढची पायरी फार लांब नाही. सहा आठवडे पतियाळाला किंवा काही दिवस गोव्याला, आणि सुरुवात चार-पाच जणांनी मिळून करा, एकट्यानं नको. आणि जे फक्त सहलीला जातात, त्यांनी कुठल्याही तळ्यावर पोराला होडीत बसवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. लाइफ जॅकेट पोराच्या मापाचं आहे का, शिकवणाऱ्याचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आहे, आणि त्याची मुदत कधी संपते. उत्तर द्यायला तो कचरला, तर तिकिटाचे पैसे परत घ्या आणि काठावर बसून कणीस खा.